खिडकीतल्या उजेडात घरातल्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे

आजेसासूबाईंची नथ, पणजोबांचा अडकित्ता, नाव घातलेले पितळी पातेले, वर्षानुवर्षे जपलेली पैठणी, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक अशा वस्तूंची छायाचित्रे घ्यायची म्हटली की बहुतेक घरांत वस्तू जेवणाच्या टेबलावर ठेवली जाते, डोक्यावरचा दिवा लावला जातो आणि मोबाइलचा फ्लॅश उडतो. मग पितळेच्या मधोमध पांढरा डाग येतो, जर मातकट दिसते आणि मागची भिंत पिवळी पडते. फ्लॅशचा उजेड अगदी समोरून पडत असल्यामुळे वस्तूची सावली तिच्याच मागे दडते आणि तिचा उठाव नाहीसा होतो. उठाव दिसायला हवा असेल तर उजेड बाजूने आला पाहिजे, आणि त्यासाठी घरातली एक बरी खिडकी पुरते. कॅमेरा कितीचा आहे हा प्रश्न फार पुढचा आहे. उजेड कोणत्या दिशेने यावा हे आपण ठरवले, तर चार-पाच वर्षे वापरलेल्या मोबाइलवरही संग्रही ठेवण्याजोगी छायाचित्रे निघतात.

खिडकी आणि वेळ

सर्वांत सोयीची खिडकी उत्तरेची. तिच्यातून ऊन न येता आकाशाचा पसरलेला उजेड येतो आणि तो बराच वेळ एकसारखा राहतो. मात्र पुस्तकांतला हा नियम बहुधा थंड देशांतल्या चित्रकारांकडून आलेला असल्याने आपल्याकडे त्याला थोडी मुरड घालावी लागते. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असण्याचा, दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. शिवाय उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो आणि मावळतो, म्हणून सकाळी लवकर आणि सायंकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरपी उन्हे शिरतात. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ ठेवावी. उत्तरेची खिडकी नसेल तर पूर्वेच्या खिडकीशी दुपारनंतर आणि पश्चिमेच्या खिडकीशी सकाळी काम करावे. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात दिवसभर ऊन असते, म्हणून तेथे उन्हाला पडदा लागतोच.

या पडद्यासाठी ट्रेसिंग पेपर, बटर पेपर किंवा स्वच्छ पांढरे धोतर चालते. ते खिडकीच्या चौकटीला चिकटवले की कडक ऊन मऊ उजेडात बदलते, आणि खिडकीच्या गजांची पट्टेरी सावलीही पुसली जाते. पडदा मात्र शुभ्र असावा. गुलाबी किंवा पिस्ता रंगाच्या पडद्यातून आलेला उजेड चांदीला तोच रंग चढवतो. हल्लीच्या फ्लॅटमध्ये सरकत्या खिडक्यांना बऱ्याचदा हिरवट किंवा तपकिरी काच असते. ती आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र जाणवते. म्हणून काच सरकवून उघड्या भागाशी बसावे. समोरच्या इमारतीची भिंत केशरी रंगवलेली असेल, तर तिच्यावरून परतलेला उजेडही केशरीच असतो.

ढगाळ दिवस हा या कामाला लाभलेला सर्वांत चांगला दिवस होय, कारण अख्खे आकाशच एक मोठा पांढरा पडदा होऊन जाते. आषाढात जो उजेड आपल्याला उदास वाटतो, तोच तांब्या-पितळेला आणि मोत्यांना मानवतो. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ मात्र टाळावा. एका वस्तूची चार छायाचित्रे घेईपर्यंत उजेड चार वेळा बदलतो आणि नंतर ती एकमेकांशेजारी ठेवली की जुळत नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी घरातले सगळे दिवे बंद करावेत. पिवळट घरगुती दिव्याच्या उजेडाचे रंगतापमान (आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर) २७०० ते ३००० केल्विन असते, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० आणि ढगाळ आकाशाचे ६५०० किंवा त्याहून अधिक. दोन्ही उजेड एकाच वस्तूवर पडले, तर एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते, आणि हा दोष नंतर संगणकावरही नीट निघत नाही. पंखाही बंद ठेवावा, कारण पदराची कड किंवा जुना कागद जरासा हलला तरी छायाचित्र पुसट येते.

मांडणी

खिडकी डाव्या हाताला, वस्तू टेबलावर आणि आपण टेबलासमोर, अशी काटकोनातली मांडणी हा आरंभ समजावा. पाठीशी कार्डशीट किंवा जाड ड्रॉइंग पेपर असा लावावा, की त्याचे वरचे टोक भिंतीला चिकटेल आणि खालचे टोक हलका बाक घेत टेबलावर पसरेल. कागदाला घडी पडू दिली नाही, तर भिंत आणि टेबल यांच्यामधली रेघ दिसत नाही. रंग पांढरा, करडा किंवा फिका मातकट असावा. काळी मखमल अनेकांना आवडते, पण ती प्रत्येक धागा आणि धूळ पकडते, आणि नथीच्या एका छायाचित्रासाठी अर्धा तास मखमल झाडत बसावे लागते.

वस्तू खिडकीच्या जितकी जवळ, तितका उजेड मऊ. कारण त्या अंतरावरून खिडकी वस्तूच्या मानाने मोठी असते. परंतु फार जवळ आणल्यास खिडकीकडची बाजू झगझगीत आणि पलीकडची काळी पडते. लहान वस्तूला साधारण हात-दीड हाताचे अंतर ठीक पडते, समईसारख्या उंच वस्तूला त्याहून अधिक. पलीकडच्या बाजूला, खिडकीच्या समोर, थर्माकोलचा किंवा कार्डशीटचा पांढरा तुकडा उभा करावा. हा तुकडा जवळ नेला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते, आणि तो हळूहळू सरकवताना मोबाइलच्या पडद्याकडे न पाहता वस्तूकडेच पाहावे. सावली पूर्ण घालवू नये. अडकित्त्याच्या दांड्यावरचा मोर किंवा समईच्या खांबावरची कंगणी ज्या सावलीमुळे दिसते, तीच नाहीशी केली तर फ्लॅशने काय वाईट केले होते?

मोबाइलवर प्रथम भिंग पुसावे, कारण खिशातल्या मोबाइलच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा हमखास असतो. फ्लॅश बंद करावा आणि मागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही बंद करावा, कारण तो समईच्या वातीचे टोक किंवा नथीची तार पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. रुंद कोनाच्या भिंगाने जवळ जाऊन घेतलेल्या छायाचित्रात तांब्याचे पोट फुगते आणि गळा बारीक होतो. म्हणून दोन पावले मागे येऊन दुप्पट झूम वापरावा. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरल्यास फोकस आणि उजेड कायम होतो, आणि शेजारी येणाऱ्या सूर्याच्या चिन्हावरून छायाचित्र उजळ किंवा गडद करता येते. हे हाताने करावे लागते, कारण कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालतो. पांढऱ्या कागदावरचे चांदीचे निरांजन तो मळकट करतो, म्हणून तेथे उजेड वाढवावा; गडद घोंगडीवरचा काळा खलबत्ता तो फिका करतो, म्हणून तेथे कमी करावा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला, की बटण दाबताना बसणारा हिसका टळतो. वेगळा कॅमेरा असेल तर तिवई, एफ-८ च्या आसपासचे छिद्र (भिंगातून उजेड आत येण्याची वाट) आणि शक्य तितका कमी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ठेवावा. शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही, पातेले काही पळून जात नाही.

तांबे, पितळ, चांदी

चकचकीत धातूचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यात येतात ती मुख्यतः धातूत पडलेली प्रतिबिंबे. लखलखीत तांब्याच्या पोटात खिडकी, तिचे गज, छताचा पंखा, दोरीवरचे कपडे आणि मोबाइल धरलेले आपण, सगळे दिसते, आणि वस्तू गोल असल्यामुळे ती कशीही फिरवली तरी ते जात नाही. तेव्हा धातूला काय दिसावे याचीच व्यवस्था करावी लागते. खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावला, की गजांच्या जागी एक सलग पांढरा पट्टा दिसतो आणि तोच वस्तूची गोलाई दाखवतो. दुसऱ्या बाजूला पांढरा फलक, वर एखादा पांढरा पंचा ताणलेला, आणि आपण मागे सरकून, गडद कपडे घालून, झूम वापरून छायाचित्र घ्यायचे. सगळीकडून पांढरे केल्यास मात्र वस्तू दुधात बुडवल्यासारखी दिसते आणि तिची कड कागदात विरघळते. अशा वेळी कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने वस्तूच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या उभ्या केल्या, की धातूच्या कडेला एक बारीक काळी रेघ उमटते आणि आकार सुटा होतो.

छायाचित्रासाठी म्हणून जुने भांडे चिंच लावून किंवा पावडरीने घासावे काय, असे पुष्कळदा विचारले जाते. रोजच्या वापरातले असेल तर अवश्य घासावे. जे भांडे तीन पिढ्या माळ्यावर होते आणि ज्यावर काळसर तपकिरी झाक चढली आहे, ते मात्र कोरड्या मऊ ब्रशने झटकून तसेच ठेवावे, असे माझे मत आहे. ती झाक भांड्याच्या वयाचा पुरावा असते, आणि घासताना कोरीव काम थोडे थोडे झिजतच असते. शिवाय काळवंडलेल्या पितळेत प्रतिबिंबे पडत नाहीत, त्यामुळे ते कॅमेऱ्यासमोर सोपे जाते.

आता भांड्यावर घातलेल्या नावाकडे येऊ, कारण घराण्याच्या दृष्टीने भांड्याचा सर्वांत बोलका भाग तोच असतो. लग्नातल्या आहेराच्या पातेल्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टोचलेले असते, कधी पुढे गाव आणि तारीख असते, कधी कोणाच्या स्मरणार्थ ते असते. अनेकदा घासून घासून ही अक्षरे इतकी उथळ झालेली असतात, की समोरून पाहिल्यास काहीच दिसत नाही. भांडे आडवे करून त्याखाली घडी केलेला पंचा ठेवावा, म्हणजे ते गडगडत नाही. मग खिडकीचा उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल अशा बेताने भांडे थोडे थोडे फिरवावे. एका ठरावीक कोनावर प्रत्येक ठिपक्याच्या एका कडेला सावली आणि दुसऱ्या कडेला चमक उमटते आणि नाव एकदम वाचता येते. दोन बोटे पुढे फिरवले की ते पुन्हा बुडते. खिडकीचा पडदा येथे काढून टाकावा, किंवा जाड कागदाने खिडकी झाकून एक अरुंद फट तेवढी मोकळी ठेवावी, कारण येथे उजेड कडकच लागतो. अक्षरांत खडूची पूड किंवा पीठ भरण्याची युक्ती सांगितली जाते, ती करू नये. पूड ठिपक्यांत अडकून बसते आणि ओलावा धरते.

टाकांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने समजून घ्यावी लागते. चांदीच्या पत्र्यावर खंडोबा, देवी किंवा वीर पाठीमागून ठोकून उठवलेले असतात, म्हणजे आकृती वर आलेली असते. आपली नजर उजेड वरून येतो असे गृहीत धरते. त्यामुळे छायाचित्रात उजेड खालच्या बाजूने आलेला असला, तर उठावाचा खंडोबा खोलगट दिसतो, आणि टोचलेले नाव उठून आल्यासारखे भासते. नाणी आणि शिलालेख यांची छायाचित्रे घेताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून ठेवण्याची रूढी आहे ती यासाठीच. टाक टेबलावर आडवा ठेवून वरून छायाचित्र घेत असल्यास देवाचे डोके खिडकीच्या बाजूला आणि किंचित उजवीकडे वळलेले ठेवावे, म्हणजे चित्रात उजेड आपोआप वर-डावीकडून येतो. टाकावरचे हळद-कुंकू छायाचित्रासाठी धुऊन काढू नये. देव देव्हाऱ्यातून हलवायचे असतील तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, पूजेच्या वेळीच हे काम उरकावे. ते तबकात उतरवलेले असतातच.

पैठणी, गोधडी

वस्त्राला उजेड बाधतो. संग्रहालयांत जुनी वस्त्रे आणि कागद यांच्यावर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू न देण्याचा दंडक आहे, तर भर उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. झालेली हानी भरून येत नाही आणि ती साचत जाते. म्हणून पैठणी उन्हात कधीही पसरू नये, कॅमेरा, कागद आणि उजेड यांची जुळवाजुळव दुसऱ्या एखाद्या साडीवर करून घ्यावी आणि पैठणी शेवटी दहा-पंधरा मिनिटांपुरती बाहेर काढावी.

जुन्या पैठणीची जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असते, म्हणजे ती धातूच होय, आणि तिला बाजूचा तिरपा उजेड लागतो. पदर स्वच्छ चादरीवर सपाट पसरून खिडकी पदराच्या एका कडेला ठेवली, की जरीतले मोर आणि असावलीची फुलवेल उजळतात आणि रेशीम तुलनेने गडद राहते. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव पोताचा खरा रंग एका छायाचित्रात सापडत नाही. खिडकीकडे तोंड करून एक आणि खिडकीकडे पाठ करून एक, अशी दोन घ्यावीत. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही तसाच दिसतो, म्हणून कोपरा उलटून मागच्या बाजूचे एक छायाचित्र अवश्य असावे. साडी चिमट्यांनी दोरीवर टांगू नये, कारण जुने रेशीम घडीवरच चिरते.

गोधडीचे मोल तिच्या धावदोऱ्यात आहे. ती पलंगावर पसरून, उजेड अगदी आडवा घेऊन, टाक्यांच्या ओळी वळ्यांसारख्या उठू द्याव्यात, आणि पुढे एका कोपऱ्याजवळ जाऊन चार टाके आणि ज्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात आहे तो, एवढेच घ्यावे.

कागद आणि चौकटीतली छायाचित्रे

पत्रे, पत्रिका, मोडीतली कागदपत्रे आणि पोथ्या यांना उलट एकसारखा उजेड हवा. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून दुसऱ्या बाजूला पांढरा फलक अगदी लागून उभा करावा, आणि कॅमेरा कागदाला समांतर, बरोबर मध्यावर धरावा. मोबाइलच्या पडद्यावरची जाळी चालू केली की कागदाच्या कडा तिच्याशी जुळवता येतात. पोथीची शिवण ताणून ती सपाट उघडू नये. अर्धी उघडून दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल द्यावेत आणि एका वेळी एकच पान घ्यावे. कागदाची पाठ, कडेचे शेरे, शिक्के आणि कोरी दिसणारी पानेही घ्यावीत. मोडी कागदाचा उलगडा पुढेमागे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणच्या जाणकाराकडून करून घ्यायचा असेल, तर शाईची बारीकशी फराटही वाचता येईल इतके छायाचित्र स्वच्छ असले पाहिजे.

काचेच्या चौकटीतले आजोबा-आजींचे छायाचित्र हे सर्वांत चिडवणारे काम. उजेड काचेवर ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने परततो, म्हणून चौकट खिडकीसमोर न ठेवता तिला काटकोनात ठेवावी आणि आपल्या पाठीशी काळी चादर टांगावी, म्हणजे काचेला परत दाखवायला काही उरत नाही. चौकट उघडून छायाचित्र बाहेर काढण्याचा मोह होतो, पण दमट हवेत जुनी छायाचित्रे काचेला चिकटलेली असतात आणि ओढली की चेहऱ्यावरचा थर काचेवरच राहतो. चिकटले असल्यास काचेसकटच घ्यावे.

नथ, बुगडी, कुडी यांसाठी फार जवळ जाऊ नये. अनेक मोबाइल वितीहून कमी अंतरावर फोकस करत नाहीत, आणि करतात तेव्हा रुंद कोनाच्या भिंगावर जातात. थोडे दूर राहून झूम करावा आणि नंतर चित्र कापावे. मोत्यावर एकच लहान चमक असली की तो गोल दिसतो, म्हणून फलक येथे दूर ठेवावा. टेबलावर आधी जाडसर कापड अंथरावे, नाहीतर निसटलेला मोती फरशीवर शोधावा लागतो. फणेरपेटीचा आरसा असा कलता ठेवावा, की त्यात फक्त पांढरा फलक दिसेल.

छायाचित्र घेतल्यावर

प्रत्येक वस्तूचे एक छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. पट्टीशिवाय कुंकवाचा करंडा आणि लाडवांचा डबा यांत फरक कळत नाही. त्याच उजेडात साध्या पांढऱ्या कागदाचे एक छायाचित्र घेतले, तर पुढे रंग जुळवताना आधार मिळतो. रंग सुधारताना वस्तू हाताशी ठेवून ताडून पाहावे, केवळ छान दिसते म्हणून तांबे अधिक लाल करू नये.

फाइलचे नाव मोबाइलने दिलेल्या आकड्यांवर सोडू नये. वस्तू, कोणाची, कुठून आली आणि अंदाजे कोणत्या काळातली, एवढे नावात किंवा सोबतच्या टिपणात लिहावे, आणि ज्यांना माहिती आहे ती माणसे घरात असतानाच लिहून घ्यावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, पेट्या अशा घरगुती वस्तूंची दालने पाहिली की लक्षात येते, की अशी वस्तू नुसती पाहून प्रश्नच वाढतात. मूळ फाइल न कापता वेगळी जपावी आणि तिच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी, त्यांतली एक घराबाहेर, ठेवाव्यात. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, अन्यथा ते आकसून जाते आणि पातेल्यावरचे नाव पुन्हा वाचता येत नाही. दागिन्यांची छायाचित्रे पाठवण्यापूर्वी त्यांत नोंदले जाणारे ठिकाण कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद केले आहे ना, हे एकदा तपासून घ्यावे.